गमबूट, टीसीएल आणि बेडकाची कातडी

जुलै लागला की माझ्या मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त काय खपतं तर चिखल्यांचं मलम. लावणी सुरू झालेली असते, दिवसभर पाय मळ्यात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलवटतात, आग आग होते, आणि संध्याकाळी माणसं चिखलाच्याच पायांनी दुकानाच्या पायरीवर उभी राहून विचारतात, वैनी काहीतरी द्या. त्याच सुमारास गजकर्ण, नायटेही सुरू होतात. कोकणातल्या पावसात बुरशी कशाला सोडत नाही, भिंतीला नाही, चपलेला नाही, कपाटातल्या पैठणीला नाही. त्यामुळे बुरशी हा विषय मला नवीन नव्हता. बेडकाला बुरशीचा रोग होतो आणि त्यात बेडकांच्या जातीच्या जाती जगातून नाहीशा झाल्यात, हे मात्र मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत अजिबात माहीत नव्हतं, बी.फार्म. करूनसुद्धा.

झालं असं की आमच्या गावात एक पीएचडी करणारी मुलगी भाड्याने राहायला आली. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना घाटाच्या पायथ्याला जी गावं लागतात त्यातलंच आमचं एक. ती दुकानात आली आणि नायट्राइलचे ग्लोव्ह्ज मागितले, बिनपावडरचे, आणि एकदम 10 खोके. आमच्याकडे एवढे ग्लोव्ह्ज डॉक्टरसुद्धा नेत नाहीत. मी विचारलं कशाला गं एवढे, तर म्हणाली काकी, बेडकांचे स्वॅब घ्यायचेत, एका बेडकाला एक जोडी लागते. कोविडमुळे स्वॅब म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, पण बेडकाचा स्वॅब? मग पुढचा अर्धा तास ती सांगत राहिली आणि मी गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून ऐकत राहिले. तिला रात्री सोबत वहीत नोंदी करायला कोणीतरी हवं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात शनिवारच्या रात्री मी तिच्याबरोबर जाते. वनखात्याची परवानगी तिच्या नावावर आहे, बेडूक तीच हाताळते, मी बॅटरी धरते, थर्मामीटर बघते आणि लिहिते.

सासूबाईंना पहिल्या दिवशी काही पटलं नव्हतं. "गो, रातीचा मळ्यात जाऊन बेबे कित्याक धरतंस? खातलंस काय?" बेबे म्हणजे बेडूक. त्यांचा प्रश्न काही उगाच नव्हता म्हणा. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे रात्री मळ्यात बॅटऱ्याच बॅटऱ्या दिसतात, कोण चढणीचे मासे मारायला, कोण कुर्ल्यांना, आणि काही जण खरंच मोठ्या बेडकांना. पिवळेधमक झालेले ते बुलफ्रॉग, डरांव डरांव करून आख्खा मळा डोक्यावर घेतात आणि त्या आवाजावरच सापडतात. कायद्याने बंदी आहे, बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर आपल्या देशाने 1987 मध्येच बंद केली, तरी ताटात पडतात ते पडतातच. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. एक मोठा बेडूक रात्रभरात भातातले किती किडे खातो ते आमच्या शेतकऱ्यांना मी काय सांगायचं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तर बुरशीबद्दल. तिचं नाव कायट्रिड, आणि तिच्यातली बेडकांच्या मागे लागलेली जी आहे तिचं पूर्ण शास्त्रीय नाव उच्चारायला मला दोन आठवडे लागले, बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, सगळे बीडी म्हणतात. 1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत ती ओळखू आली, 1999 मध्ये तिला नाव मिळालं. तोपर्यंत तिकडच्या डोंगरांतले झरे एकेक करून गप्प व्हायला लागले होते आणि का ते कोणाला कळत नव्हतं. 2019 मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांनी मिळून हिशोब मांडला तेव्हा आकडा निघाला 501 जाती घटल्या, त्यातल्या 90 बहुधा कायमच्या गेल्या. एका रोगाने. मी हा आकडा परत परत वाचला होता.

मारते कशी ते मला माझ्या धंद्यामुळे पटकन समजलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो, श्वासही बराचसा कातडीनेच, आणि अंगातली मिठं, सोडियम पोटॅशियम वगैरे, तीही कातडीच सांभाळते. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरात, जिथे केराटिन असतं तिथे घर करते, कातडी जाड होते, मिठांचं गणित बिघडतं आणि शेवटी हृदय थांबतं. मी रोज काउंटरवर ओआरएसची पाकिटं विकते, जुलाब झालेल्या पोराच्या आईला समजावते की पाण्याबरोबर मीठ जातं म्हणून हे द्यायचं. बेडकाचं नेमकं तेच होतं, फक्त त्याला ओआरएस पाजणारं कोणी नसतं. आणि ही बुरशी हवेतून उडत नाही, तिचे बीजाणू शेपटीने पाण्यात पोहतात. म्हणजे पाणी जिथे जाईल, ओली माती जिथे जाईल तिथे ती जाऊ शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मी काय घोळ घातला ते सांगणार आहे.

आता सॅलॅमँडर. सॅलॅमँडर म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाऊ, दिसायला पाल-सरड्यासारखा पण कातडी मऊ आणि ओलसर, खवले नाहीत. आपल्या कोकणात एकही नाही. भारतात बघायचा तर दार्जिलिंगच्या बाजूला डोंगरातल्या तळ्यांत हिमालयन न्यूट आहे, त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं तेही 2015 मध्ये. मग कोकणातल्या बाईने सॅलॅमँडरचं काय घेऊन बसायचं? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण आपण रात्री चिखलात उभं राहून निरोगी बेडूक का मोजतोय हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते नेदरलँड्सच्या सॅलॅमँडरच्या गोष्टीनेच.

तिकडे दक्षिणेला एका जंगलात फायर सॅलॅमँडर होते, काळेकुळकुळीत आणि अंगावर पिवळे पट्टे. तिथली स्वयंसेवक माणसं, म्हणजे तुमच्या माझ्यासारखीच, वर्षानुवर्षे ठरलेल्या वाटांवरून रात्री फिरून ते मोजायची. बाकी काही नाही, मोजायचे आणि लिहायचे. आणि मग आकडे घसरायला लागले, 2010 नंतर तर धडाधड, 96 टक्के सॅलॅमँडर गेले. उरलेले थोडे उचलून बंदिस्त जागेत नेऊन ठेवले तर तिथेही मरायला लागले, अंगावर खड्डे पडलेले, कातडी खाल्लेली. त्यांच्यातूनच 2013 मध्ये कायट्रिडची दुसरी जात सापडली, सॅलॅमँडरला खाणारी म्हणून सॅलॅमँड्रिव्होरन्स, बोलताना बीसाल. ती मूळची आशियातली, आशियातल्या सॅलॅमँडरची तिच्याशी जुनी ओळख म्हणून त्यातले बरेच तिच्यासकट जगतात, पण पाळायला म्हणून ते विकत घेतले गेले, युरोपात पोचले आणि त्यांच्या अंगावरून ती तिकडच्या जंगलात उतरली. मग बेल्जियम, जर्मनी, पुढे स्पेन. अमेरिकेत तर सॅलॅमँडरचं माहेरच आहे, जवळपास 200 जाती, तिकडे एवढी धास्ती बसली की जानेवारी 2016 मध्ये त्यांनी 201 जातींच्या आयातीवर बंदी घातली आणि जंगलातल्या सॅलॅमँडरचे स्वॅब घ्यायला सुरुवात केली, रोग यायच्या आधीच.

त्या जंगलात कोणी मोजतच नसतं तर? चार वर्षांनी कोणीतरी म्हणालं असतं, पूर्वी इथे पिवळे पट्टेवाले काहीतरी दिसायचं नाही का, आजकाल दिसत नाही, बहुतेक पाऊस कमी झाला. आमच्या गावात आत्ताच म्हणतात, पूर्वी केवढे बेबे असायचे. केवढे म्हणजे किती? कुठल्या कोंडीत, कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीचे? कोणाकडे आकडा नाही, आणि नसेल तर कमी झालं हे सिद्धच करता येत नाही. मला ह्याचीच तळमळ लागलीये.

आणि आपल्याकडे धोका नाही असं नाहीये. पश्चिम घाटातल्या बेडकांवर बीडी सापडल्याचं 2011 पासून छापून आलंय, 2013 मध्ये घाटाच्या आपल्या उत्तरेकडच्या भागातल्या बेडकांवरही. चांगली गोष्ट ही की आपल्याकडे ती फार थोड्या बेडकांवर सापडते, अंगावर प्रमाणही कमी असतं, आणि बेडूक पटापट मेल्याचं दिसलेलं नाही. 2018 मध्ये तर असं पुढे आलं की ह्या बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला. म्हणजे आशियातल्या बेडकांचा आणि तिचा जुना संसार असावा. पण तिचे वाणही अनेक आहेत, आणि बाहेरचा कडक वाण उद्या इथे आला तर इथल्या बेडकांचं काय होईल हे बेडकाला विचारून कळणार नाही, स्वॅब घेऊनच कळेल.

आता काम कसं चालतं ते सांगते, कारण ह्यातच माझा जीव रमतो. सात-साडेसातला निघायचं. पहिल्यांदा हवेचं आणि पाण्याचं तापमान, वेळ, पाऊस किती. मग आवाज ऐकायचा, कोण कोण बोलतंय ते लिहायचं. मग ती नवे ग्लोव्ह्ज घालते, बेडूक हळूच पकडते, उलटा करते, आणि तो कोविडसारखाच काडीवरचा निर्जंतुक स्वॅब पोटावर 5 वेळा, मांड्यांच्या आतून 5-5 वेळा, मागच्या पायांच्या बोटांमधल्या पडद्यांवर 5-5 वेळा फिरवते. घासायचा नाही, पण नुसता टेकवायचाही नाही. स्वॅब नळीत, नळीवर नंबर, वहीत तोच नंबर. बेडूक होता तिथेच परत. ग्लोव्ह्ज काढून पिशवीत, पुढच्या बेडकाला नवी जोडी. सगळं मिनिटभरात, कारण त्याला जास्त वेळ हातात ठेवायचं नाही. पहिल्यांदा तिने बोटांच्या पडद्यांवर स्वॅब फिरवला तेव्हा मला एकदम दुकानाच्या पायरीवरचे चिखलाचे पाय आठवले. तेच ठिकाण, तीच बोटांची बेचकी. नळ्या थंड ठेवून पुढे लॅबला जातात, तिथे पीसीआर, कोविडच्या टेस्टच्याच जातकुळीतली. बेडूकमाशांचंही बघतात, कारण बेडूकमाशाच्या अंगात केराटिन फक्त तोंडापाशी असतं, तेव्हा बुरशी तिथेच बसते.

आमच्या तीन जागा आहेत. एक गावातला मळा, एक घाटाच्या मध्यावरचा व्हाळ, म्हणजे ओढा, आणि तिसरी वर आंबोलीचा कातळ. तिसरी जागा माझी लाडकी. आंबोली टोड म्हणून एक छोटासा प्राणी आहे, अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे, 2009 मध्ये त्याला नाव मिळालं, आणि तो जगात कुठे आहे तर आंबोली आणि आसपासच्या मोजक्या कातळांवर, बस. पहिला पाऊस पडून कातळावरच्या खळग्यात वितभर पाणी साचलं की त्याची विणीची घाई सुरू होते, थोड्या दिवसांत सगळं उरकायचं. धबधब्यावर आलेल्या लोकांच्या गाड्यांखाली किती जातात ते मी बघितलंय आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ह्याच भागात देवगांडूळही आहेत, गांडुळासारखे दिसणारे पण बेडकाचेच भाऊबंद, मातीत राहणारे, त्यातली एक जात आंबोलीतूनच 2003 मध्ये नोंदली गेलीये. लोक साप समजून मारतात. त्यांनाही कायट्रिड होऊ शकतो.

आता माझा घोळ. पहिल्या वर्षी, दुसऱ्याच शनिवारी. खालच्या मळ्यातलं काम लवकर आटपलं, पाऊस थांबला होता, ती म्हणाली वर कातळावर जाऊया. मी गमबूट तसेच पिशवीत कोंबून स्कूटरच्या पायाशी ठेवले. घाट चढून वर पोचलो, मी बूट काढून घालायला लागले आणि तिने बॅटरी मारली तर बुटांना मळ्यातला चिखल जसाच्या तसा, ओला. ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली काकी, आज नको, परत जाऊया. मी म्हटलं अगं एवढ्या लांब आलो, मी लांब उभी राहते. नाही म्हणाली. आणि आम्ही कातळावर पाऊल न ठेवता परत आलो, धुक्यात, भिजत.

घरी येऊन मी विचार करत बसले. जो प्राणी जगात फक्त ह्या एवढ्याशा कातळावर आहे त्याच्या पाण्यात मी, त्याची काळजी घ्यायला गेलेली बाई, खालचा चिखल घेऊन उतरणार होते. चिखलात काही नसेलही. पण असतं तर ते नेणारी मीच असते. दुकानात मी लोकांना सांगते की दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका, गजकर्ण पसरतं. आणि स्वतःचे बूट धुतले नव्हते.

तेव्हापासून नियम कडक आहे. प्रत्येक जागेनंतर बूट ब्रशने घासून चिखल काढायचा, कारण चिखल असेल तर औषध आत पोचतच नाही, मग निर्जंतुक करायचे, मग पूर्ण वाळवायचे. तिच्याकडे लॅबचं व्हिरकॉन असतं. नसेल तेव्हा आपलं ब्लीच, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल पावडर. फक्त ते पाणी व्हाळाच्या काठावर ओतायचं नाही, त्याने बेडूकमासे मरतील, घरी आणून खड्ड्यात टाकायचं. आता तर मी प्रत्येक जागेचे वेगळे गमबूटच ठेवलेत, तीन जोड, पडवीत ओळीने, वर मार्करने लिहिलंय मळा, व्हाळ, कातळ.

तापमानाची गंमत सांगायची राहिली. बीडीला साधारण 17 ते 25 डिग्री मानवतं, बीसालला त्याहून थंड, 10 ते 15. कोकणपट्टीच्या उकाड्यात दोघींनाही जड जातं. आजारी फायर सॅलॅमँडर 10 दिवस 25 डिग्रीत ठेवले तर त्यांची बुरशी गेली असं प्रयोगात दिसलंय, आमच्याकडे मे महिन्यात 25 डिग्री ही पहाटेचीसुद्धा नसते. पण आंबोलीला पावसाळ्यात स्वेटर लागतो. म्हणजे समुद्राकाठी जो उष्मा बेडकाला सांभाळतो तो घाट चढता चढता संपतो, आणि नेमके वरच सगळ्यात दुर्मिळ प्राणी बसलेत. म्हणूनच तर खाली, मध्ये आणि वर अशा तीन जागा.

दुकानात हे कळलेले लोक विचारतात मग औषध नाही काय ह्याच्यावर. आहे हो, तेच इट्राकोनॅझोल, जे मी नायट्याला चिठ्ठीवर देते. पाळलेल्या बेडकांना त्याच्या पाण्यात बुडवून बरं करतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर तर तळ्यातले बेडूकमासे काढून त्यांना हे औषध दिलं, तळी निर्जंतुक केली आणि तिथून बुरशी खरंच घालवली, 2015 मध्ये छापून आलं. पण ती बेटावरची मोजकी तळी होती. आमच्या मळ्यात, व्हाळात, चिऱ्यांच्या खाणीत साचलेल्या पाण्यात कोण कोणाला पकडून औषध देणार? म्हणून येऊ न देणं आणि आली तर लवकर कळणं, हे दोनच हातात.

मळ्यात भेटणारी माणसं आता ओळखीची झालीत. पहिल्या वर्षी "वैनी, कुर्ल्यो गावल्यो काय?" विचारायचे. एकदा एक काका म्हणाले, "माणसांका डॉक्टर गावणत नाय, आणि तुमी बेब्यांका तपासतास?" ते खरंच आहे, आमच्याकडे डॉक्टर पुरेसे नाहीत आणि ते दुखणं मी रोज काउंटरवर बघते. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, वही दाखवली. तारीख, जागा, किती, कुठल्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात सगळी पानं चाळली आणि म्हणाले वरच्या कोंडीतले लिहिले नाहीत, तिथे हिरवे झाडावरचे असतात, फेसाचं घरटं करतात. त्यांनीच नंतर नेऊन दाखवलं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेस.

तुम्हाला कुठे एकाच जागी कारण नसताना बरेच बेडूक मेलेले दिसले, किंवा दिवसाढवळ्या सुस्त बसलेले, हात लावला तरी न हलणारे, कातडी सोलवटलेली, तर उचलू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, वनखात्याला कळवा. आणि तिथून निघताना चपला धुवा, प्लीज.

परवा कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. त्याने ॲक्झोलोटल घेतलाय, तो गुलाबी, हसऱ्या तोंडाचा, गळ्याला झालर असलेला, मुलांना मोबाइल गेममुळे माहीत असतो. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या तळ्यांतला, तिकडे जंगलात आता जेमतेम उरलाय, आणि इकडे ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो. तो सॅलॅमँडर आहे. म्हणजे कोकणात नाही म्हणता म्हणता माझ्याच नात्यात येऊन बसला. भाचा म्हणाला, मावशी, गणपतीला तुझ्याकडे येताना त्याला टाकीसकट घेऊन येऊ का, आणि टाकीचं पाणी बदलतो ते तुमच्या व्हाळात टाकलं तर चालेल ना, चांगलं खत असतं म्हणे.

मी त्याला आधी विचारलं की बिल घेतलंस का, नोंदणी केलीस का, तर गप्प. मग म्हटलं तो तिकडेच राहू दे, मित्राकडे ठेव चार दिवस. आणि टाकीचं पाणी काढलंस की बादलीत ब्लीच टाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी संडासात ओतायचं, गटारात नाही, झाडांना नाही, पंचगंगेत तर अजिबात नाही. जाळी, दगड, पाइप, सगळं धुवून कडकडीत उन्हात. तो म्हणाला पण मावशी तो तर एकदम हेल्दी आहे, मस्त खातो. मी म्हटलं बाळा, युरोपात जे सॅलॅमँडर विकत आणले होते ना, तेही मस्तच खात होते, आणि मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी.